दुर्बीणवाल्यानं सांगतलं ते मी उलटं सांगतलं

मले लिहिता येत नाई. मी सांगतो, लिहिणारा लिहून घेते. मधात कुठी मी शहाणा दिसलो तं ते लिहिणाऱ्याची चूक समजा.

शाळेत मी चार दिवस गेलो. चौथ्या दिवशी मास्तरानं पाटीवर एक आकडा काढून देला आन म्हणे, गिरव. मले तो आकडा वांग्यावानी दिसला, म्हणून मी त्याले वरतून देठ लावून देलं. त्या देठापायी मास्तरानं जे हाणलं, त्याच्यानंतर मी शाळेले आन शाळेनं मले सोडून देलं. मंग बुढ्याच्या, म्हणजे बापाच्या, मांगं मळ्यात. आमी माळी लोक. अकोल्यात मोर्णा नदीच्या काठाले थोडंसं वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं केलेलं, त्यात वांगे, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. बुढा गेल्यावर मीच सकाळी हातगाडी भरून जठारपेठेत फिरत होतो.

भाजी माही काही लय चांगली नसे. पण बाया येत. भाजी घ्याले कमी आन माह्या तोंडची लबाडी ऐकाले जास्त. मी माहीच फजिती सांगे. बैलानं कसा ढकलला, सासऱ्यानं कसा हाकलला. बाया पदर तोंडाले लावून हासत आन हासता हासता एक जुडी जास्त घेत. माही माय म्हणे, "याची भाजी नाई इकत, याचं थोबाड इकते."

आता दुर्बीणवाला कोण ते सांगतो.

माहा एक मित्र होता. कचेरीत चपराशी. आमच्या घरापासून चाळीस पावलावर त्याची गल्ली. छप्पन साली त्या गल्लीतले सबन लोक बौद्ध झाले होते. मित्र शिकलेला, फाडफाड वाचे. त्याचा सायब जुनी साप्ताहिकं रद्दीत टाके, ते हा घरी आणे. त्या साप्ताहिकात एक मालिका येत होती, दर आठवड्याले एक भाग. रविवारी दुपारी मित्र आपल्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचे आन मी ओट्याच्या कोपऱ्यावर टेकून ऐको. मित्राची माय दर रविवारी माह्यासाठी कपात चहा घेऊन येई. मी म्हणो, "आत्ताच घेऊन आलो, माय." ती काही न बोलता कप आत नेई. वर्षभर ती आणत राहिली आन वर्षभर मी आत्ताच घेत राहिलो. घरून कोणी मना केलं होतं असं नाई. कोणी मना कराचं कामच नव्हतं, तोंडातून आपोआप निघे.

तं त्या मालिकेत एक म्हातारा शास्त्रज्ञ होता. पहाडाच्या शेंड्यावर राहे. त्याच्यापाशी खोलीएवढी मोठी दुर्बीण. रात्री तो आभाळ पाहे आन दिवसा तीच दुर्बीण खाली वळवून बाजारातले माणसं पाहे. मंग भिंतीवर कोळशानं हिशेब करे आन राजाले सांगे का दहा वर्सानं असं होईन, पन्नास वर्सानं तसं होईन. राजा ऐकत नसे. आन जवा होई, तवा सबन त्याच्याच अंगावर येत. आमी त्याचं नाव दुर्बीणवाला ठेवलं होतं. मले तो लय आवडे. त्याचं कोणी ऐकत नसे, माहंबी कोणी ऐकत नसे. फरक एवढाच का तो खरं बोले.

सोमवारी हातगाडीवर मी तोच भाग बायायले सांगे. पण जसाच्या तसा नाई. पहाडाच्या शेंड्यावरचा माणूस जठारपेठेले काय कामाचा? मी त्याले मुंबईत आणला. सरकारी बंगला देला. बायको देली, ती त्याले दुर्बीण पुसाले लावे. त्याले वांग्याची भाजी लय आवडते असं सांगून मी एक अख्खा हंगाम वांगे इकले. मित्राले हे समजलं तं तो म्हणे, "अबे, ती कथा हाय. कोण्या लेखकानं डोक्यातून काढली. तू त्याले वांगे चारून राहिला?"

मी म्हणलो, "माह्या मळ्यातले चारून राहिलो, तुह्या घरचे तं नाई ना."

तो म्हणे, "लोक खरं समजतीन एखांद्या दिवशी."

मी म्हणलो, "माहं? लोक माह्या तोंडून माहं नाव ऐकलं तरी दुसऱ्याले इचारून येतात."

बासष्ट सालच्या त्या हिवाळ्यात आठ ग्रहायची गोठ निघाली. आठ ग्रह एका राशीत येऊन राहिले, आता जग बुडते, असं जो तो सांगे. जथी तथी होमहवन, जथी तथी जप. ज्यायले रोज सकाळी तोंड धुवाचं ध्यान नसे ते नदीवर जाऊन तीन तीन डुबक्या मारत. माह्या घरी वेगळीच कायजी होती. बायकोले नववा महिना लागला होता. ह्याच्या आधी दोन लेकरं झाले, दोनी राहिले नव्हते. दुसऱ्या खेपेले तं बायकोच चालली होती. आमच्या भागातल्या दाईनं तिले ओढून मांगं आणलं. तवापासून बायकोचा जीव त्या दाईच्या हातात. तिले दवाखान्याचं नाव काढलं तरी ती भिंतीकडे तोंड करे.

त्याच दिवसायतल्या एका रविवारी मित्रानं मालिकेचा नवा भाग वाचला. त्या देशाच्या आभाळात तीन चंद्र असतात, ते एका रेघेत येणार असतात. लोक घाबरून दुर्बीणवाल्याकडे जातात. तो म्हणते, "आभाळ पाहून सांगतो, काही होणार नाई. माणसं पाहून सांगतो, होईन." मंग लोक पळतात. नगराच्या बाहेर एकच पूल, त्याच्यावर चेंगरतात. आन जे मांगं राहिले, म्हातारे, बिमार, अडलेल्या बाया, त्यायच्यातले कित्येक मरतात. चंद्रानं नाई मरत. ज्याच्या हातात काम होतं तोच पळून गेला म्हणून मरतात. एवढंच. वाचून झाल्यावर मित्रानं शेवटच्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मले मातर तो भाग फिका वाटला. चंद्र आले आन काहीच झालं नाई, याच्यात सांगाचं काय?

सोमवारी गाडी लावली तं नेहमीच्या पाच-सहा बाया उभ्या. एकजण म्हणे, "काऊन रे, तुहा मुंबईवाला काय म्हणून राहिला ह्या आठ ग्रहायचं?"

राजेहो, एक श्वासभर खरं माह्या तोंडात होतं. काही होत नाई, एवढं म्हणाचं होतं. पण बायायचे डोळे असे मोठे झालेले. इतक्या दिवसात माह्याकडे असे डोळे करून कोणी पाह्यलं नव्हतं. आन मी म्हणलो, "त्यानं ट्रंक भरली, बाई."

"कावून?"

"दुर्बिणीत पाह्यलं त्यानं. त्या दिवशी विहिरीचं पाणी वर येते आन खारं होते. मोर्णा उलटी वाहते. सरकारनं त्याले सांगतलं, बोलू नोको, लोक घाबरतीन."

एक म्हातारी होती, तिनं इचारलं, "आन त्या दिवशी जन्मलेलं लेकरू?"

आता पाहा. घरी नववा महिना. आन मी, ज्याच्या दोन लेकरायची माती झालेली, तो मी काय बोललो ऐका. मी म्हणलो, "ते लेकरू नाई राहत, आजी. आन ज्या हातानं ते बाहेर काढलं, त्या हाताले पुन्हा यश नाई." वरतून म्हणलो, "मायची आन." मायची आन मी दिवसातून पन्नास वेळा घेत होतो, मेथी ताजी हाय म्हणूनबी घेत होतो. त्या दिवशी मातर कोणी हासलं नाई. मले वाटलं, काय रंगवलं मी. घरी येऊन मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेलो तं तिसऱ्या घरापुढे टांगा उभा. बाई बोचके चढवून राहिली होती.

"कुठी, बाई?"

"माहेरी. तूच तं सांगतलं."

समोरच्या आवारातल्या विहिरीवर फळ्या ठोकलेल्या. त्याच्या बाजूच्या घराले कुलूप. मी गाडीचा दांडा धरून उभाच राहिलो. म्हणलो, "बाई, मी गंमत केली. तसं काही नाई. दुर्बीणवाला तं उलटं म्हणला होता."

बाईनं बोचकं खाली ठेवलं आन माह्याकडे असं पाह्यलं, जसं बिमार माणसाकडे पाहतात. "तुले कोणी दटावलं का? सरकारच्या माणसानं?"

"अहो बाई, मी लबाड बोललो."

"भेऊन पलटून राहिला बिचारा," ती टांगेवाल्याले म्हणे. "याचं तोंड पाह्यनं, कसं पांढरं पडलं."

तोंड पांढरं पडलं होतं, हे खरं. जल्मभर मी खरं बोललो तं लोकायले लबाड वाटलं. एकदा लबाड बोललो तं ते सबनायले खरं वाटलं, आन आता ते लबाड होतं हे सांगाले मले तोंडच राहिलं नव्हतं. गाडी तशीच भरलेली घेऊन मी परत फिरलो.

घरी माय दारात. म्हणे, "दाईच्या घराले कुलूप हाय. बाजूची म्हणे, पोरीच्या गावाले गेली, नांदगाव खंडेश्वरले. हे ग्रह निघून गेल्याशिवाय येत नाई म्हणे. कोण्या मुडद्यानं तिच्या डोक्शात भरवलं का त्या दिवशी जन्मलेलं लेकरू ज्या हातानं घेतलं..."

मायनं पुढचं सांगतलं. सबन माहेच शब्द. एकबी इकडचा तिकडे झाला नव्हता.

आतून बायको बोलली. मोठ्यानं नाई, भिंतीशी बोलावं तशी बोलली. "ती नसंन तं मी या खेपेले नाई वाचत."

मी म्हणलो, "आणतो मी तिले." गोठ कोणी पसरवली हे काही म्हणलो नाई. तेवढी हिंमत असती तं भाजी कशाले इकली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. ग्रहायचा तो मोठा दिवस त्याच्याच दुसऱ्या दिवशी होता. गल्लीच्या तोंडाशी मित्र भेटला, सायकल पुसून राहिला होता.

"कुठी निघाला एवढ्या घाईनं?"

"नांदगावले. दाई आणाले. घरी दिवस भरले."

"अरे, तं माही माय..."

मी म्हणलो, "तुही माय बरी हाय ना? बरी राहू दे." आन टेसनाकडे पळालो. तो मांगून काही बोलला, मी ऐकलं नाई. तसं म्हटलं तं मी वर्षभर त्याचंच ऐकत होतो.

बडनेऱ्याची गाडी इतकी भरलेली का पाय ठेवाले जागा नाई. जो तो आपल्या गावाले चाललेला. मूर्तिजापूरले एक पागोटेवाला चढला आन माह्या मांडीवर अर्धा बसला. बसता बसता त्यानं डब्यातल्या लोकायले सांगाले सुरुवात केली. "मुंबईचा एक मोठा सरकारी शास्त्रज्ञ हाय. त्यानं दुर्बिणीत पाह्यलं. विहिरी खाऱ्या होऊन राहिल्या."

डब्यातले सबन त्याच्याकडे वळून बसले. मी म्हणलो, "तुमाले कोणी सांगतलं?"

"माह्या साळ्यानं. त्याले अमरावतीच्या माणसानं सांगतलं. लय साधा माणूस म्हणे तो शास्त्रज्ञ. रोज वांग्याची भाजी खाते."

दोन-तीन दिवसात माहं वांगं अमरावतीले जाऊन मूर्तिजापूरले परत आलं होतं. मी म्हणलो, "दादा, ते खरं नाई. तो माणूसच नाई. कथेतला हाय. वांगे मी घातले त्यात."

पागोटेवाल्यानं मले पायापासून डोक्शापर्यंत पाह्यलं. "तुमी किती शिकले?"

"चार दिवस."

डबा असा हासला का खिडक्या हालल्या. माह्या गोठीवर इतके लोक एकदम कवाच हासले नव्हते. पागोटेवाला म्हणे, "हे चार दिवसवाले शास्त्रज्ञाले खोटं ठरवून राहिले, पाहा." मी खाली मान घालून बसलो. तो बडनेऱ्यापर्यंत माही गोठ माह्याच मांडीवर बसून सांगत राहिला. त्यानं हिमालय बी त्यात टाकला. मले तो सुचला नव्हता.

बडनेऱ्यावरून मोटार धरून नांदगावले पोचलो तवा दुपार कलली होती. दाई पोरीच्या ओसरीत बसून वाळलेल्या तुरीच्या शेंगा सोलून राहिली होती. मले पाहून तिचे हात थांबले नाई.

"तू कावून आला?"

"मावशी, घरी वेळ आली. चाल."

"नाई येत."

"मावशी, ते मी गंमत..."

"मले ठावूक हाय तुनंच म्हणलं ते. पयल्याच दिवशी समजलं." तिनं शेंग फोडली. "मी ग्रहायले भेत नाई. मले काय बुडवतीन ग्रह, माहे पाय मसणात. मी लोकायच्या तोंडाले भेतो. तुहे दोन लेकरं माह्या हातातून गेले. कोणी मले काही म्हणलं? नाई म्हणलं. म्हणले, देवाची मर्जी. आता हे तिसरं. त्याच दिवशी आलं आन काही झालं, तं लोक काय म्हणतीन? या हाताले यश नाई. हे शब्द कोणी देले लोकायले?"

ती म्हणे, "चाळीस वर्सं ह्या हातानं लेकरं घेतले मी. तुनं एका सकाळी भाजीच्या गाडीवर उभं राहून ते हात तोडून टाकले."

मी म्हणलो, "मावशी, दुर्बीणवाल्यानं आता नवा हिशेब केला, त्याले चूक सापडली..."

"त्याले मधात आणू नोको. मरू दे त्याले. तू बोल."

आता मी काय बोलतो? माह्यापाशी एक फजिती होती, एक टोमणा होता, सबन सामान तेच. मंग मी ओसरीच्या खाली बसलो आन मित्रानं वाचलेला तो भाग तिले सांगतला. जसा होता तसा. मुंबई नाई, बंगला नाई, वांगं नाई. तीन चंद्र, पूल, आन मांगं राहिलेल्या अडलेल्या बाया. जिंदगीत पयल्यांदा मी एखांदी गोठ न वाढवता सांगतली. ती इतक्या लवकर सरली का मलेच नवल वाटलं. आन सांगता सांगता माह्या ध्यानात आलं का हे तं मी माह्याच घराचं सांगून राहिलो. त्या लेखकाले, कुठला कोण, अकोला ठावूक नाई, मी ठावूक नाई, आन त्याच्या त्या म्हाताऱ्यानं आधीच मले पाहून ठेवलं होतं.

दाईनं इचारलं, "असं सांगतलं होतं त्यानं?"

"हो."

"आन तुनं?"

"मी उलटं सांगतलं."

तिनं मांडीवरचे टरफलं झटकले, ते माह्या तोंडावर आले. झटकले का मारले ते मी इचारलं नाई. "ऊठ," ती म्हणे. "तिच्यासाठी येतो मी. तू मले रस्त्यात दिसू नोको."

रस्त्यात दिसल्याशिवाय कसं आणाचं, म्हणून मी तिच्या मांगं दहा पावलं चाललो. शेवटची मोटार निघून गेली होती. रात बडनेऱ्याच्या फलाटावर काढली. सकाळच्या गाडीनं अकोल्याले आलो तवा ग्रहायचा दिवस उगवला होता. आभाळ चक्क निळं होतं.

गल्लीत शिरलो तं सबन सामसूम. आमच्या घराच्या आजूबाजूच्या तीनी घरायले कुलपं. माय दारापुढे दगडावर बसलेली, हात मांडीत. तिनं मले पाह्यलं आन नजर काढून घेतली. आतून आवाज नाई. दाई माह्या मांगं थांबली. तिचाबी श्वास मले ऐकू आला. मले वाटलं, झालं.

तवा घरातून एक बाई बाहेर आली. पदर खोचलेला, हातात घमेलं, कोपरापर्यंत हात ओले. मित्राची माय.

मले पाहून म्हणे, "पोरगी हाय. दोघीबी बऱ्या हायेत. मोठ्यानं बोलू नोको, झोपल्या."

मी खाली बसलो. बसलो म्हणजे पडलोच. कोणी धरलं नाई.

मायनं मंग हळूहळू सांगतलं. कळा पहाटेच सुरू झाल्या. माय बाजूच्या घराकडे पळाली, कुलूप. त्याच्या पुढच्या, कुलूप. तिसऱ्या, कुलूप. रस्त्यात उभी राहून ती आरडली, आन आवाज ऐकून त्या गल्लीतून मित्राची माय आली. त्या गल्लीत एकाबी घराले कुलूप नव्हतं. त्यायनं ग्रह-बिह कवाचेच सोडून देले होते. सबन बाया घरी होत्या, सैपाक करून राहिल्या होत्या. आन मित्राची माय वीस वर्सांपासून त्या गल्लीतले लेकरं काढून राहिली होती. सबन गल्लीले ठावूक होतं.

"मी तिले दारात काही इचारलं नाई," माय म्हणे. "तिनंबी इचारलं नाई. सरळ आत गेली."

चाळीस पावलं, राजेहो. मी आगगाडीनं गेलो, मोटारीनं गेलो, पागोटेवाल्याले मांडीवर घेऊन गेलो. सुचलं पण लाजलो, असं म्हणलो असतो तं बरं दिसलं असतं. पण ते लबाड होईन. मले सुचलंच नाई. वर्षभर मी त्या ओट्यावर बसलो, त्या बाईचं तोंड दर रविवारी पाह्यलं, आन ती काय काम करते हे मी एकदाबी इचारलं नाई. मित्र सांगाले गेला तं त्याचं तोंड गंमत करून बंद केलं.

दाई आत गेली. मी दारातून पाहत होतो. तिनं पोरगीले उलटंसुलटं केलं, नाळ पाह्यली. मंग त्या दोघी अशा बोलल्या जशा दोन सुतार बोलतात.

"कायनं कापली?"

"दाढीच्या नव्या पानानं. उकळून."

"गळ्यात होती का?"

"दोन येढे. डोकं आलं तसंच बोटानं सोडवले."

दाईनं पोरगीच्या गळ्यावरून बोट फिरवलं. मंग म्हणे, "मांगच्या दोघायलेबी येढे होते. माह्यानं सुटले नाई."

मित्राच्या मायनं तिच्याकडे पाह्यलं. "अवघड असते ते," एवढंच म्हणली.

बायको जागी होती. तिनं सबन ऐकलं. माह्याकडे पाहत होती. मी नजर खाली घातली. ती म्हणे, "कोणी उठवली होती ती गोठ?"

मी म्हणलो, "मी."

तिनं पोरगीले जवळ ओढलं. मंग म्हणे, "पाचवीले जेवाले कोणाले बसवाचं ते आता तुमीच सांगून या. मायसमोर."

आमच्यात रीत हाय. नाळ जिनं कापली, तिले पाचव्या दिवशी घरात पाटावर बसवून पयलं ताट तिले वाढाचं, मंग बाकीच्यायनं जेवाचं. माय हे ऐकून चुलीपाशी जाऊन बसली. मी चाळीस पावलं गेलो. मित्राच्या मायले म्हणलो, "माय, पाचवीले या."

ती म्हणे, "पाचवी-बिचवी आमी करत नाई आता. सटवाईपुढे मी बसत नाई."

"पूजेले नाई. जेवाले."

तिनं माह्याकडे पाह्यलं. गंमत हाय का ते पाहून राहिली होती. माह्या तोंडाकडे पाहून कोणालेही तेच वाटे. मंग म्हणे, "येतो."

तोवर ग्रह आपापल्या घरी गेले होते आन कुलपंबी उघडले होते. पाचवीले मायनं गल्लीतल्या आठ बाया बोलावल्या. तीन आल्या. बाकीच्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यायच्यातली एक म्हणे, "काऊन रे, तुहा मुंबईवाला चुकला ना. काहीच झालं नाई."

मी म्हणलो, "तो नाई चुकला." पुढे काही म्हणलो नाई. बाया वाट पाहत राहिल्या, मंग कंटाळून निघून गेल्या.

आत पाटावर मित्राची माय बसली होती, तिच्या बाजूले नांदगावची दाई. मी वाढून राहिलो होतो. मायनं चार भाज्या केल्या होत्या आन चुलीकडे तोंड करून बसली होती. मित्राच्या मायनं पयला घास घेतला. सबन घर तिच्या तोंडाकडे पाहत होतं.

ती म्हणे, "भाजीत मीठ कमी हाय."

माह्या मायच्या सैपाकाले जिंदगीत कोणी नाव ठेवलं नव्हतं. माहा बुढा भीत होता, मी भीत होतो. माय उठली, मिठाचं भांडं घेतलं, आन स्वतः जाऊन तिच्या ताटात वाढलं.